आधी आदेश दाखवा, मग बोलू

एरवी या सदरात सातबारा, वाटणी, पोटगी आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचे प्रश्न येतात. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं मोबाइलवर काय लिहिलं आणि त्याचं पुढे काय झालं याची आहेत. जवळजवळ प्रत्येकाने ‘नाव छापू नये’ असं खाली अधोरेखित करून लिहिलंय. म्हणून हा अंक त्यांनाच देते. सातबारावाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : मी हौशी व्यंगचित्रकार. यंत्रमागाचा धंदा सांभाळून एका परदेशी कंपनीच्या अॅपवर चित्रं टाकतो. गेल्या महिन्यात रस्त्याच्या उद्घाटनावरचं एक चित्र गायब झालं. त्या जागी ‘कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात उपलब्ध नाही’ अशी पाटी. माझ्या जर्मनीतल्या भाच्याला मात्र ते चित्र दिसतं! कंपनीच्या ईमेलात फक्त ‘सरकारी यंत्रणेकडून विनंती आली’ एवढंच आहे. पोलीस ठाण्यात विचारलं तर म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. मागणी कुणी केली, का केली, हे मला कळणारच नाही का? आणि चित्र पुन्हा काढून अॅपवर टाकलं तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भाच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट तुम्ही जोडलात म्हणून मलाही चित्र बघता आलं. पालकमंत्री खड्ड्यात बसून फीत कापताहेत. विनोद बरा आहे, कान जरा मोठे झालेत. पण देशाच्या सार्वभौमत्वाला त्यात धोका कुठे आहे, ते मला चष्मा पुसूनही दिसलं नाही.

सार्वभौमत्वाचं नाव उगाच काढलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९ अ आहे. इंटरनेटवरचा मजकूर अडवण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्यातून मिळतो, पण कारणं मोजकीच : देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या गोष्टींशी निगडित गुन्ह्याला चिथावणी. पालकमंत्र्यांची शान या यादीत नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६ अ रद्द केलं, पण हे ६९ अ मात्र कायम ठेवलं. का, तर त्यात प्रक्रिया घालून दिली आहे म्हणून. समिती बसायची, कारणं लेखी नोंदवायची, मजकूर लिहिणारा सापडत असेल तर त्यालाही नोटीस देऊन ऐकून घ्यायचं.

कागदावर हे सगळं फार छान आहे. व्यवहारात मजकूर अडवण्याबद्दलच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम आडवा येतो. त्यात तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गुप्त ठेवावी असं म्हटलंय. माहिती अधिकारात अर्ज केला की याच नियमाकडे बोट दाखवून कागद नाकारतात. आता आदेशच पाहिला नाही तर त्याला आव्हान कशाच्या जोरावर द्यायचं? तालुका कोर्टात साध्या मनाई हुकुमाचीसुद्धा नक्कल मिळते हो, तिकीट लावून अर्ज केला की चार दिवसांत हातात.

पण सगळे बंद दरवाजे पक्के बंद नसतात. दिल्लीत एकाने हुंड्याच्या प्रथेची टर उडवणारी वेबसाइट काढली होती. नवऱ्याचं शिक्षण, नोकरी भरली की त्याचा ‘भाव’ सांगणारी. २०१८ मध्ये ती बंद झाली. त्याला ना नोटीस, ना कारण. तो उच्च न्यायालयात गेला, आणि मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की मूळ आदेशाची प्रत याला द्या आणि समितीसमोर याचं म्हणणं ऐका. म्हणजे गुप्ततेचा नियम लिहिणाऱ्यालाच अंधारात ठेवायला वापरता येईल असं नाही. तामिळ साप्ताहिक विकटनचं उदाहरण आणखी ताजं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पंतप्रधान बेड्यांत ट्रम्पशेजारी बसलेत असं व्यंगचित्र काढलं. अमेरिकेने बेड्या घालून परत पाठवलेल्या भारतीयांचा संदर्भ होता. एका चित्रासाठी अख्खी वेबसाइट बंद! मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की चित्राचं पान तूर्त काढा, बाकी वेबसाइट खुली करा. हा अर्धाच न्याय झाला असं माझं मत. पण न्यायालयात गेले म्हणून अर्धा तरी मिळाला.

तुमच्या बाबतीत मला संशय वेगळाच आहे. हे ६९ अ खाली झालेलंच नसावं. दुसरी वाट आहे कलम ७९(३)(ब) ची. तिथे सरकार मजकूर अडवत नाही, कंपनीला फक्त कळवतं की हा मजकूर बेकायदा आहे. कंपनीने तो काढला नाही तर लोकांच्या मजकुराबद्दल तिला कायद्याने दिलेलं संरक्षण जातं. घरमालकाला सांगायचं, भाडेकरूला बाहेर काढ नाहीतर तुझं नळकनेक्शन तोडतो. भाडेकरूशी आपण बोललोच नाही असं म्हणायला मोकळे. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय गृह खात्याचं ‘सहयोग’ पोर्टल याच कामासाठी सुरू झालं. राज्याराज्यांतले पोलीसही त्यातून कंपन्यांना नोटिसा धाडतात. एक्स (पूर्वीची ट्विटर) कंपनीने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळलं गेलं. वाक्स्वातंत्र्याचा हक्क नागरिकांचा, परदेशी कंपनीला तो मागता येत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. कंपनीने अपिलाचा मार्ग धरला आहे. पण त्या मुद्द्याकडे तुम्ही नीट बघा : तुम्ही तर नागरिक आहात! कंपनीला जे मागता येत नाही ते इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला मागता येतं.

शिवाय १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम थोडा कडक झालाय. अशी सूचना आता सरकारात सहसचिव आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही, आणि तिच्यात कायद्याचा आधार नि नेमकी लिंक नमूद करावी लागते. पोलीस ठाण्यात तुम्हाला ‘माहीत नाही’ म्हणाले ते खरंही असेल. ही कामं ठाण्यात होत नाहीत.

तेव्हा करायचं असं. कंपनीचा ईमेल आणि पाटीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा : कोणतं कलम, कोणतं कार्यालय, आदेशाची तारीख काय. उत्तर गुळमुळीत आलं तर तीस दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. समिती केंद्र सरकारने नेमलेली आहे. सरकारच्या सांगण्यावरून झाकलेल्या चित्राची दाद सरकारने नेमलेल्यांकडे मागायची, हे मलाही मजेशीर वाटतं, पण उच्च न्यायालयात ‘आधी तिकडे का गेला नाहीत’ हा प्रश्न येतोच, तो मिटतो. मग घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. पूर्वी तुम्हाला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागली असती, आता जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन याल. याचिकेत पहिली मागणी चित्र परत आणण्याची करू नका. पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची करा.

चित्र पुन्हा काढायचं का? जरूर काढा. मजकूर झाकला गेला म्हणजे तुमच्यावर गुन्हा शाबीत झाला असं मुळीच नव्हे. तेच चित्र तसंच्या तसं पुन्हा टाकलंत तर तेही झाकतील आणि कदाचित खातंच जाईल, म्हणून सगळी चित्रं आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आणि हो, एखाद्या छापील अंकाकडेही पाठवा. छापलेला मजकूर जप्त करायचा तर राज्य सरकारला कारणं देऊन अधिसूचना काढावी लागते, आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे जाता येतं. महाराष्ट्र सरकारने एका पुस्तकावर घातलेली बंदी २०१० साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, कारण सरकारची कारणं न्यायालयाला वाचता आली. आणीबाणीतसुद्धा मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चे लेख सेन्सॉरने अडवले तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये जिंकले. आणीबाणीत! सेन्सॉर कोण आहे आणि त्याने काय अडवलंय, हे निदान त्यांना ठाऊक होतं.

प्रश्न : मी निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी चालवतो, तीनशेवर माणसं आहेत. टँकर कुठल्या वाडीला येतो आणि कुठल्या वाडीला येत नाही यावरून ग्रुपवर बरंच तापलं. एका पोराने आमदारांना उद्देशून नको ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन : ‘ग्रुप बंद करा, नाहीतर अॅडमिन म्हणून पहिले आत तुम्ही.’ मग व्हॉट्सअॅपवरच एक नोटीस आली. सोमवारी हजर राहा म्हणतात. वकीलताई, या वयात हे काय मागे लागलं? ग्रुप बंद करू का?
— नाव छापू नये, आटपाडी तालुका

उत्तर : पोस्टमास्तर, तुमचं निम्मं आयुष्य पोच घेण्यात गेलं आणि तुम्ही फोनवरच्या हुकुमाला घाबरलात?

अॅडमिनचं आधी सांगते. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. अॅडमिन माणसं आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकतो, पण कोण काय लिहील हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत होता असं दाखवलं तरच गोष्ट वेगळी. त्या पोराने काय लिहिलं ते त्याचं त्याने निस्तरावं. शिवी असेल तर तुम्ही ती काढून टाका, तसा अधिकार अॅपने अॅडमिनला दिलाय. टँकरचा हिशेब मात्र राहू द्या.

आता नोटीस. ती कोणत्या कलमाची आहे ते वर लिहिलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नागरिक सुरक्षा संहितेचं १६८ दिसतंय. हीच जुनी १४९ ची नोटीस. पोलिसांच्या भाषेत ‘समज देणे’. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून खबरदारी, इतकाच तिचा अर्थ. ती आली म्हणजे तुमच्यावर गुन्हा नोंदला असं नाही, आणि या कलमाने ग्रुप बंद करण्याचा हुकूम देता येतो असं मला वाटत नाही. निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा जवळ आला की या नोटिसा वाटल्या जातात. आमच्याकडे काही कार्यकर्ते त्या फ्रेम करून लावतात.

गुन्हा खरंच दाखल असेल तर कलम ३५ खालची नोटीस येते. तीसुद्धा व्हॉट्सअॅपवर बजावलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ठाण्यात हे अजून पोहोचलेलं नसतं, तेव्हा तुम्हीच पोहोचवा. सोमवारी जाताना दोन प्रतींत अर्ज न्या : ‘मला फोनवर अमुक सांगण्यात आलं, त्याचा लेखी आदेश असल्यास द्यावा.’ एक प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ठाणे अंमलदार कुरकुरेल. बसून राहा. गावातला एखादा शिकलेला माणूस बरोबर असू द्या. माझ्या अनुभवात लेखी मागितलं की दहातल्या आठ गोष्टी तिथेच विरतात. जबाब घेतला तर वाचल्याशिवाय खाली सही नाही, आणि मोबाइल ‘जरा बघायला’ म्हणून टेबलावर ठेवून यायचा नाही. हवा असेल तर पंचनामा करून, पावती देऊन घ्यावा.

प्रश्न : मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहते. तिने कुणाची तरी युद्धाबद्दलची पोस्ट पुढे शेअर केली आणि मैत्रीण म्हणाली म्हणून तासाभरात काढली. आता कॉलेजच्या ग्रुपवर कुणी तरी स्क्रीनशॉट फिरवतोय. तिची आई जेवत नाही. आम्ही तिला सगळी खाती बंद करून घरी यायला सांगावं का?
— एक वडील, कराड

उत्तर : घरी बोलवा, आईच्या हातचं खाऊ घाला. पण परीक्षा बुडवून नव्हे. आणि खाती घाईने पुसू नका. पुसलेलं खातं पुढे ‘पुरावा नष्ट केला’ म्हणून अंगावर येतं. पोस्ट काढली, ते ठीक. ती वेळ लिहून ठेवा.

तुमची भीती खोटी नाही, हे मला मान्य केलंच पाहिजे. मे २०२५ मध्ये पुण्यात एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडलं. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तिने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट पुढे टाकली, दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने नाव कमी केलं, पोलिसांनी अटक केली, ती येरवड्यात. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी पक्षाला अक्षरशः फैलावर घेतलं. मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त करायचंय का, असं विचारलं. कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि तिला त्याच दिवशी सोडा, परीक्षेला बसू द्या, असं सांगितलं. न्याय मिळाला म्हणायचं, पण कोठडीतले ते दिवस कोण परत देणार? कॉलेजने तिचं ऐकून न घेता आदेश काढला होता, हे न्यायालयाला विशेष खटकलं. तुमच्या मुलीला कॉलेजने बोलावलं तर आरोप लेखी मागायचा आणि उत्तर लेखी द्यायचं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या माफीनामा लिहून देऊ नये.

दुसरं उदाहरण आपल्याच भागातलं. कोल्हापूर जिल्ह्यात एक काश्मिरी प्राध्यापक होते. पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपमध्ये असताना त्यांनी स्टेटसला ठेवलं की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक आपल्या ठाण्याचे; त्यांच्या पीठाने म्हटलं की ३७० बद्दलच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाच्या लोकांना शुभेच्छा देणं हा द्वेष नव्हे, आणि आता पोलिसांनाच वाक्स्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे. कसोटी कुठली लावली माहीत आहे? नागपूर उच्च न्यायालयाची १९४६ ची, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांची. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते बघा, जो प्रत्येक विरोधी मतात धोका शोधतो अशा डळमळीत माणसावर नव्हे. इंग्रज अजून इथे असताना नागपुरात बसून लिहिलेलं वाक्य.

पुढच्याच वर्षी, २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या खटल्यात त्याच पीठाने एक कामाची गोष्ट सांगितली. तीन ते सात वर्षं शिक्षेचं बोलण्या-लिहिण्याचं प्रकरण असेल तर गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करणं केव्हाही योग्य. तेढ वाढवण्याचं न्याय संहितेतलं कलम १९६ यात बसतं. तुमच्या वकिलाने पहिल्याच अर्जात हे घालावं. सूर्यास्तानंतर मुलीला अटक करायची तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी आणि महिला अधिकारी, दोन्ही लागतं. रात्री होस्टेलवर कुणी आलं तर वॉर्डनने दार उघडण्याआधी हे विचारायचं. पासवर्ड द्यावा लागतो का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, म्हणून वकील येईपर्यंत ‘सांगते, पण वकिलांसमोर’ इतकंच तिने म्हणावं.

स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या मुलाशी भांडत बसू नका. त्याला प्रसिद्धी हवी आहे.

प्रश्न : सदर आवडीने वाचतो, पण तुम्ही दर वेळी एकच बाजू घेता. मी सैन्यातून निवृत्त झालोय. व्हॉट्सअॅपवरच्या अफवेने धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निष्पाप माणसं ठेचून मारली गेली, ती आपल्याच महाराष्ट्रातली होती. मग सरकारने खोट्या मजकुरावर नियंत्रण ठेवायचं नाही तर कुणी? की आताचं सरकार तुम्हाला आवडत नाही म्हणून हे सगळं?
— एक माजी सैनिक, सातारा

उत्तर : प्रश्न रोखठोक विचारलात, बरं वाटलं. राईनपाडा मी विसरलेली नाही. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा, आणि भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत मारले गेले. त्या घटनेनंतर ‘मोबाइलवर काहीही चालतं’ असं मी तरी म्हणू शकत नाही. अफवा पसरवून दंगा घडवणारा तुरुंगात गेला पाहिजे. त्यासाठी तेव्हाही कलम होतं, आज न्याय संहितेत ३५३ आहे. मारणाऱ्यांवर खुनाचा खटला चालला. त्यातलं काहीच मजकूर गुपचूप झाकण्याने होत नाही.

आता सरकारने ‘खोट्या’वर काढलेला उपाय बघा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून स्वतःचा फॅक्ट चेक विभाग नेमायची तरतूद केली. तो कशावर लक्ष ठेवणार होता? ‘केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलच्या’ खोट्या मजकुरावर. मुलं पळवण्याची अफवा त्यात येतच नव्हती! राईनपाड्याच्या पाच जणांना त्या विभागाचा तसूभर उपयोग झाला नसता. सरकारबद्दल लिहिलेलं मात्र सरकारच खोटं ठरवणार होतं. कुणाल कामराने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं विरुद्ध पडली, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरवला.

राहिलं सरकार आवडण्याचं. ६६ अ हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं, तेव्हा दिल्लीत काँग्रेसची आघाडी होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या आणि दोघींना अटक झाली. तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी. एकीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं गेलं ते वेगळंच. त्याच वर्षी व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली धरलं. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरची कुणाची तरी कविता शेअर केली म्हणून एक मराठी अभिनेत्री महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होती, ठिकठिकाणच्या ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा महाविकास आघाडी. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनानंतर खारचा स्टुडिओ फोडला आणि गुन्हा विनोद करणाऱ्यावरही दाखल झाला, तेव्हा महायुती. यातलं एक तरी सरकार वेगळं वागलं असेल तर मला पुढच्या पत्रात लिहा, मी ते छापायला सांगीन. ६६ अ रद्द झाल्यावरही वर्षानुवर्षं पोलीस ते लावत राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढून ते सगळे खटले मागे घ्यायला सांगावं लागलं. मेलेलं कलम सगळ्या पक्षांच्या राज्यांत चालत होतं.

सैन्यात हुकूम लेखी येतो आणि खाली अधिकाऱ्याची सही असते, हे मला सांगायची गरज नाही. नागरिकाचं तोंड बंद करणाऱ्या हुकुमाखाली तीच सही मी मागते आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याबद्दल मी स्टेटसला लिहिलं. केंद्रप्रमुख म्हणतात, नवीन जीआरमुळे नोकरी जाईल. खरं का?
— एक शिक्षिका, जत तालुका

उत्तर : जीआर खरा आहे, २८ जुलै २०२५ चा. सरकारी, निमसरकारी, कंत्राटी, स्थानिक स्वराज्य संस्थांचे, सगळे कर्मचारी त्यात ओढलेत. राज्य किंवा केंद्राच्या धोरणावर समाजमाध्यमांवर टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवावं, पदनाम, गणवेश, सरकारी चिन्ह खासगी खात्यावर वापरू नये, असं त्यात आहे. मोडल्यास शिस्तभंग. शिस्तभंग म्हणजे थेट नोकरी नव्हे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग खुलासा, गरज पडली तर चौकशी. केंद्रप्रमुखांच्या तोंडाने नोकरी जात नाही.

त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलंय की सरकारी नोकरी पत्करली म्हणून बोलण्याचा हक्क संपत नाही, वर्तणूक नियमांच्या चौकटीत तो राहतो. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, दाखवता मात्र येतो. तूर्त शाळेचं नाव आणि पदनाम स्टेटसवरून काढा. बंद होणाऱ्या शाळेबद्दलचं म्हणणं संघटनेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या लेटरहेडवर गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पालकांवर हा जीआर लागू नाही, त्यांना हवं ते लिहू द्या. आणि स्टेटसला नेमकं काय लिहिलं होतंत ते तुम्ही पत्रात घातलंच नाहीत. शाळेचं नाव वगळून तेवढा मजकूर पाठवा, कारण वस्तुस्थिती लिहिली आहे की धोरणावर टीका केली आहे, यावर तुमच्या खुलाशाचा मसुदा ठरेल.